धबधबा बंद आहे

पावसाळा लागला की आमच्या डांगाणात दोन गोष्टी एकाच आठवड्यात दिसायला लागतात. कड्यावरून धबधबे सुटतात आणि फाट्यावर फलक लागतो, 'धबधब्याकडे जाण्यास सक्त मनाई'. पूर्वी अशा मनाईखाली १४४ कलम असायचं. जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि १४४ च्या जागी १६३ आलं. आकडा बदलला, फलक तोच राहिला.

या फलकाशी माझं भांडण आहे. पाण्यावर जीव वाचवतो तो वाट आणि पाणी दोन्ही ओळखणारा माणूस, आणि हा फलक नेमका त्यालाच बाजूला सारतो.

बंदी घालणाऱ्यांचं कारण खोटं नाही, हे आधी कबूल करतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. काठावर लोक उभे होते आणि कुणाला काही करता आलं नाही. त्याच जुलैत रायगडातल्या कुंभे धबधब्यापाशी चित्रीकरण करता करता एक तरुणी दरीत कोसळली. अशा बातम्या वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण त्यावरचा उपाय 'बंद' एवढाच असेल, तर माणसं का बुडतात हे आपल्याला कळलेलंच नाही.

सह्याद्रीचा कातळ काळा आणि टणक. पठारावर माती कुठं वीतभर, कुठं तेवढीही नाही. पडलेला पाऊस जिरायला जागाच नसते, तो सरळ ओढ्याला लागतो. खाली ऊन पडलेलं असतं, पोरं गुडघाभर पाण्यात फोटो काढत असतात आणि वर दोन कोसांवर ढग ओतत असतो. ते पाणी खाली पोचायला वेळ लागत नाही. शहरातला माणूस डोक्यावरचं आभाळ बघतो. आमचा आजा डोंगरमाथा बघायचा.

डांगी गुरं घेऊन रानात जाताना आजानं आम्हाला चार गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या. नितळ पाणी गढूळलं की पाय बाहेर काढ. पाण्यातून पाला-काटक्या यायला लागल्या की थांबू नको. ओढ्याचा आवाज बदलला, घुमल्यासारखा जड झाला, की गुरं सोड पण स्वतः वर चढ. आणि जाताना ओढा ओलांडलास तर येताना तो तसाच असेल असं धरू नको. "पानी कुनाचं नातलग नसतं," म्हणायचा. या चार ओळी कुठल्याच फलकावर नाहीत.

बरं, सगळे धबधबे एकाच जातीचे तरी आहेत का? रतनवाडीच्या वाटेवर गाडी कडेला लावून कड्यावरच्या धारा बघितल्या तर धोका कसला? अमृतेश्वराच्या देवळापाशी छत्री धरून उभं राहावं, डोळे भरून बघावं. घाटघरच्या कोकणकड्याला किंवा तिकडं जुन्नरच्या नाणेघाटात वाऱ्यानं पाणी उलटं वर उडतं. तिथं भय पाण्याचं नाही, कड्याच्या निसरड्या कडेचं आहे. दहा हात मागं थांबलं की झालं. पाचनईहून हरिश्चंद्रगडाची वाट कपारीखालून जाते, तिथं ओढे ओलांडताना मात्र माहीतगार हवाच. रंध्याचं पाणी तर नुसत्या पावसावर चालत नाही. वर १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं की प्रवरा बघता बघता चढते. तो कठड्यामागूनच बघायचा. आणि साम्रदच्या सांदण दरीत पावसाळ्यात पाऊलच टाकायचं नाही. इतकी वेगवेगळी दुखणी आणि औषधाची पुडी मात्र एकच!

ही पुडी कुणाच्या घशात जाते तेही बघा. फलक मानतो कोण? लेकराबाळांना घेऊन येणारा, गावात गाडी लावणारा, नागलीची भाकर आणि पिठलं खाऊन, पैसे देऊन जाणारा. तो फाट्यावरून माघारी फिरतो. न मानणारा पहाटे आडवाटेनं शिरतो. सोबत गावचा माणूस नसतो, कारण वाट दाखवणाऱ्या पोरावरच आधी बडगा येईल. म्हणजे शहाणा परत गेला आणि अडाणी एकटा आत गेला. तो अडकला की रात्री हाक कुणाला येते? आम्हालाच. आवणी करून मोडलेल्या कमरेनं, बैल बांधायचे कासरे जोडून माणसं काढलीत आमच्या गावानं. त्या कामाला कुठलं कलम आडवं येत नाही.

शहरातली शहाणी माणसं म्हणतात, गावकऱ्यांच्या हाती दिलं तर ते बाजार मांडतील. बाजार आजही आहे, फक्त तो फाट्याच्या अलीकडं मोठ्या हॉटेलांचा आहे. आमचीही पोरं कधी चार पैशांसाठी नको तिथं नेतात, हे खरं. म्हणूनच तर नियम हवेत. एका दिवशी किती माणसं, ते ठरवा. वाटाड्याला शिकवा, बिल्ला द्या, त्याच्या हातात दोर आणि तरंगायची जाकिटं द्या. दारूची बाटली दिसली की तिथूनच परत. आजची वाट उघडी की बंद, हे कॅलेंडर बघून नाही, सकाळी ओढा बघून ठरवा आणि ठरवणारात गावची माणसं असू द्या. बंद म्हटलं की त्या दिवशी कुणाच्याही ओळखीनं आत जाता येणार नाही. येणाऱ्या पैशातला वाटा वाटेवर आणि रानावर खर्च होऊ द्या.

आणि येणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगायचं आहे. धबधबा म्हणजे नळ नाही, आणि भाताचं खाचर म्हणजे वाहनतळ नाही. त्या चिखलात आमचं वर्षाचं पोट लावलेलं असतं. तुमचे मोठे आवाजाचे स्पीकर घरी ठेवा. ओढ्याचा आवाज ऐकू येणं ही तिथं हौस नाही, तो इशारा आहे.

फाट्यावर फलक हवाच असेल तर खुशाल लावा. त्यावर एवढंच लिहा : पुढं जाण्याआधी गावात विचारा.