कोष्टकांतला अध्यक्ष

दर चार वर्षांनीं अमेरिकेंत अध्यक्षपदाची निवडणूक आली म्हणजे तेथील वृत्तपत्रांना कोष्टकांचा मोहोर येतो. डावीकडे एका उमेदवाराचें चित्र, उजवीकडे दुसऱ्याचें, आणि मध्यें विषयांची उतरंड : किमान वेतन, बाळंतपणाची रजा, मुलांचा सांभाळ, कर, औषधोपचार. प्रत्येक विषयासमोर ह्याचें एक वाक्य, त्याचें एक वाक्य. दिवसभर राबून आलेल्या माणसानें जेवणापूर्वीं एकवार हा तक्ता पाहावा, कोणाच्या रकान्यांत आपल्या घराचें अधिक हित आहे तें ताडावें आणि त्याप्रमाणें मत टाकावें, असा ह्या उद्योगामागचा सद्हेतु असतो. आपल्याकडील पत्रांची तऱ्हा निराळी. २०२४ सालीं कमला हॅरिस ह्यांचें आजोळ तामिळनाडूंत आणि जे. डी. व्हान्स ह्यांची सासुरवाडी मूळची आंध्रांतली, एवढ्यावर आपल्याकडे जितकी शाई खर्ची पडली, तितकी अमेरिकेंतल्या खानावळींत ताटें उचलणाऱ्या बाईच्या पगारावर पडली असती, तर त्या निवडणुकीचें मर्म आमच्या वाचकांस अधिक कळलें असतें.

सोयरिकींचा हा शोध निदान निरुपद्रवी असतो. कोष्टकाची गोष्ट तशी नाहीं. तें अभ्यासाचें सोंग घेऊन येतें, आणि सुशिक्षित माणूस नेमका त्यालाच भुलतो. आमचें म्हणणें आम्ही आरंभींच स्पष्ट करतों : उमेदवारांच्या भूमिकांची ही शेजारीशेजारी मांडणी कष्टकरी कुटुंबाच्या कामाची फारशी नाहीं, उमेदवारांच्या मात्र फार कामाची आहे. कोष्टकांत कोणत्या ओळी याव्या हें त्यांच्याच भाषणांवरून ठरतें. त्या ओळींत जें लिहिलेलें असतें तें बहुतेक त्यांच्या एकट्याच्या हातचें नसतें. आणि जें खरोखर त्यांच्या हातचें असतें, त्याला कोष्टकांत जागा मिळत नाहीं.

टिपांचें उदाहरण घ्या. जून २०२४ मध्यें डोनाल्ड ट्रंप ह्यांनीं लास व्हेगास येथें टिपांवरील आयकर उठविण्याचें वचन दिलें. ऑगस्टांत त्याच शहरीं हॅरिसबाईंनींहि तेंच वचन दिलें. झालें! दोन्ही रकाने सारखे भरले आणि विषय मिटला. परंतु जिच्यासाठीं हा सारा खटाटोप, तिचा मूळ पगार किती, हें कोणीं पुसलें? संघराज्याच्या कायद्याप्रमाणें टिप मिळविणाऱ्या नोकराला मालकानें स्वतःच्या खिशांतून तासाला २.१३ डॉलर दिले कीं पुरे; टिपा धरूनहि ७.२५ डॉलरची भरती होत नसेल, तरच मालकानें तूट भरून द्यावयाची. हा २.१३ चा आंकडा १९९१ सालचा आहे. तेव्हां किमान वेतन ४.२५ होतें, आणि हा दर त्याच्या निम्मा धरलेला होता. १९९६ सालीं कायद्यानें ह्या दोहोंची गांठ सोडली. किमान वेतन पुढें सरकलें, हा दर होता तेथेंच राहिला. गंमत अशी कीं लास व्हेगास ज्या नेव्हाडा राज्यांत आहे, तेथें हा उणा दर चालतच नाहीं. टिप मिळो वा न मिळो, राज्याचें पूर्ण किमान वेतन द्यावेंच लागतें. म्हणजे ज्या गांवीं हें दुखणें नाहीं तेथें जाऊन उभयतांनीं औषध वाटलें, आणि तेंहि निराळ्याच दुखण्याचें! हॅरिसबाईंनीं त्याच भाषणांत किमान वेतन वाढविण्याची गोष्ट काढली होती, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. पण गाजली ती कराची गोष्ट. ज्यांची कमाई इतकी तुटपुंजी कीं आयकर लागतच नाहीं, त्यांना करमाफीचा उपयोग काय? ४ जुलै २०२५ च्या कायद्यानें ही सवलत दिली, ती २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपांवर आणि २०२८ सालापर्यंतच. वचन पाळलें गेलें, अशी नोंद आतां कोष्टककार समाधानानें करतील. २.१३ जागच्या जागीं आहे.

किमान वेतनाची ओळ तर कोष्टकांतली मानाची ओळ. ७.२५ डॉलर हा दर २४ जुलै २००९ रोजीं लागू झाला आणि हें लिहीपर्यंत तोच आहे. १९३८ सालीं कायदा झाल्यापासून एवढा दीर्घ खंड कधींच पडला नव्हता. हा दर मिळाला कोणाच्या सहीनें? मजुरांचा कैवारी म्हणून ज्यांना कोणीं कधीं ओळखलें नाहीं त्या धाकट्या बुशसाहेबांच्या! मे २००७ मध्यें युद्धखर्चाच्या विधेयकाला तो शेपटासारखा जोडला गेला होता. बुशना युद्धासाठीं पैसा हवा होता, म्हणून शेपूटहि पदरांत घ्यावें लागलें. ओबामा ह्यांनीं २००८ सालीं सांगितलें होतें कीं २०११ पर्यंत हा दर साडेनऊ डॉलरवर नेऊं. आठ वर्षें अध्यक्षपदीं राहून एका सेंटाचाहि नवा कायदा त्यांच्या हातून झाला नाहीं. बायडेन पंधरा म्हणाले. मार्च २०२१ मध्यें सिनेटांत ती सूचना ४२ विरुद्ध ५८ मतांनीं पडली, आणि विरुद्ध मत देणारांत त्यांच्याच गोटांतले आठ जण होते. आतां कोष्टक भरा. बुश : रिकामा रकाना. ओबामा : साडेनऊ. बायडेन : पंधरा. मजुराच्या हातीं पडलें तें रिकाम्या रकान्यांतलें!

ह्यांत कोणी खोटें बोलला असें आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेचा अध्यक्ष राजा नव्हे. कायदा करतें तेथील कायदेमंडळ, आणि सिनेटांत शंभरांपैकीं साठ मतें जमल्यावांचून बहुतेक विधेयकें पुढें सरकतच नाहींत. हें उमेदवारांस ठाऊक असतें, वृत्तपत्रांस ठाऊक असतें. ज्याला अंधारांत ठेवलें जातें तो मतदार.

वचनांवरून माणूस ओळखणें किती फसवें असतें ह्याचा मोठा दाखला जुना आहे. १९३२ सालीं हूव्हर आणि रूझवेल्ट ह्यांचें कोष्टक कोणीं मांडलें असतें, तर त्यांत रूझवेल्ट काटकसरी म्हणून शोभले असते. त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यांत संघसरकारचा खर्च निदान शेंकडा २५ नें कमी करण्याचें वचन होतें, आणि त्या ऑक्टोबरांत पिट्सबर्ग येथें त्यांनीं हूव्हरवर उधळपट्टीचा आरोप केला. पुढें काय झालें तें जगजाहीर आहे. परंतु तें घडण्याचें एक कारण कोणत्याहि जाहीरनाम्यांत सांपडणार नाहीं. १९३३ च्या आरंभीं रूझवेल्टांनीं मजूरखात्यासाठीं फ्रान्सिस पर्किन्स ह्या बाईंस बोलाविलें, तेव्हां त्यांनीं पद पत्करण्यापूर्वीं आपली यादी पुढें ठेवली : वृद्धांस निर्वाहवेतन, बेकारांस विमा, किमान वेतन, कामाच्या तासांस मर्यादा, बालमजुरीस बंदी. रूझवेल्टांनीं होकार दिला. १९३५ चा सामाजिक सुरक्षेचा कायदा आणि १९३८ चा वेतनाचा कायदा ह्या यादींतून उगवले. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया दोहोंतूनहि वगळल्या गेल्या. दक्षिणेकडील सभासदांचीं मतें हवीं होतीं, हें त्यामागचें एक मोठें कारण. अध्यक्ष कोणाला मंत्री नेमतो आणि मतांसाठीं कोणाला वगळावयास तयार होतो, ह्या दोन गोष्टींवर कोट्यवधि घरांचें पुढील आयुष्य ठरलें.

कोणी म्हणेल, मग तुमच्या मतें सारे उमेदवार सारखेच? मुळींच नाहीं. भेद आहे, आणि तो चांगला ढळढळीत आहे. फक्त तो वाक्यांत पाहूं नये, सहींत पाहावा. रिचर्ड निक्सन ह्यांनीं १९६९ सालीं बालकाच्या पहिल्या पांच वर्षांविषयीं राष्ट्राच्या कर्तव्याची भाषा केली. १९७१ सालीं दोन्ही सभागृहांनीं शिशुसंगोपनगृहांचें विधेयक संमत करून त्यांच्यापुढें ठेवलें, तेव्हां त्यांनीं तें नाकारून परत धाडलें. कारण काय, तर मुलें वाढविण्याचें काम कुटुंबाकडून समुदायाकडे जाईल! कुटुंबांतली आई त्या वेळीं कारखान्यांत होती, हें त्यांस कोणीं सांगितलें नसावें. कौटुंबिक रजेच्या विधेयकाची कहाणी ह्याहून बोलकी आहे. थोरल्या बुशनीं तें १९९० सालीं परत धाडलें, १९९२ सालीं पुन्हां परत धाडलें; ५ फेब्रुवारी १९९३ रोजीं क्लिंटन ह्यांनीं त्यावर सही केली, आणि त्यांच्या सहीचा तो पहिलाच कायदा. धोरण तेंच, हात दोन. एकानें दोनदां लोटलें, दुसऱ्यानें घेतलें. येथें तुलना खरी ठरते.

त्या कायद्यानें दिलें काय, तर बारा आठवड्यांची बिनपगारी रजा, आणि तीहि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं. सबंध देशाला लागू अशी पगारी बाळंतरजा अमेरिकेंत आजहि नाहीं. मुंबई इलाख्यांत गिरण्या-कारखान्यांतल्या स्त्रियांसाठीं प्रसूतिभत्त्याचा कायदा १९२९ सालीं झाला, आणि त्या विधेयकाच्या बाजूनें डॉ. आंबेडकर १९२८ सालीं कौन्सिलांत बोलले होते, हें येथें आठवल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या येथें कायद्यांत २६ आठवडे आहेत, आणि शेतांत व घरोघरीं राबणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना ते मिळत नाहींत, हेंहि तितकेंच खरें; म्हणून ह्यावर छाती फुगविण्याचें कारण नाहीं. परंतु न्यू जर्सींतल्या नाहीं तर कॅलिफोर्नियांतल्या मुलीच्या बाळंतपणाला मेथीचे लाडू आणि डिंक बांधून निघणारी आजी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आहे. त्या दोन राज्यांनीं अनुक्रमें २००९ व २००४ पासून पगारी रजेची कांहीं सोय केली, ती आपापल्या विधिमंडळांत. वॉशिंग्टनच्या कृपेनें नव्हे. ती सोय संपते तेथून आजी पुढें चालविते. ज्यांची आजी विमानानें येऊं शकत नाहीं, अशा तिथल्या घरांत बाई पंधरवड्यांत कामावर परतते.

आतां कोष्टकांत सहसा नसणाऱ्या एका ओळीविषयीं. आठवड्याला चाळीस तासांवर काम झालें तर दीडपट वेतन द्यावें, असा १९३८ चा कायदा आहे. मात्र ठराविक पगारापेक्षां अधिक मिळविणाऱ्या व्यवस्थापकांस तो लागू नाहीं, आणि हा ठराविक पगार किती, हें अध्यक्षाचें मजूरखातें नियमानें ठरवितें. दुकानांत पेट्या उचलणाऱ्या माणसाला 'दुय्यम व्यवस्थापक' अशी पाटी देऊन साठ तास राबविण्याची युक्ति ह्यांतूनच निघाली. २००४ पासून ही मर्यादा वर्षाला २३,६६० डॉलर होती. ओबामांच्या खात्यानें २०१६ सालीं ती ४७,४७६ केली. अमलाच्या नऊ दिवस आधीं टेक्सासमधील न्यायालयानें ती अडविली. ट्रंप ह्यांच्या खात्यानें २०१९ सालीं ३५,५६८ ठरविली. बायडेन ह्यांच्या खात्यानें ती दोन टप्प्यांत ५८,६५६ पर्यंत नेण्याचा नियम २०२४ सालीं केला. निवडणुकीनंतर दहा दिवसांनीं, १५ नोव्हेंबर रोजीं, टेक्सासमधीलच एका न्यायाधीशानें तो सबंध रद्द केला, आणि मर्यादा पुन्हां ३५,५६८ वर आली. ह्या दोन आंकड्यांमधील पगार असलेल्या माणसाच्या संध्याकाळी ह्या नियमानें मोजल्या जातात. येथें सिनेटाचीं साठ मतें लागत नाहींत. येथें अध्यक्षाचा हात खरोखर चालतो, आणि न्यायाधीशहि अध्यक्षच नेमतो. घरीं येऊन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायांचीहि हीच कथा. 'सोबतीण' असें नांव देऊन १९७४ पासून त्यांना किमान वेतनाबाहेर ठेवलें होतें. २०१३ च्या नियमानें त्यांतल्या बहुतेकींना आंत घेतलें. जुलै २०२५ मध्यें तो नियम मागें घेण्याचा प्रस्ताव निघाला. कोणत्या सभेंत ह्यावर टाळ्या पडल्या?

मुलांच्या करसवलतीचा लिलांव मात्र सर्वांनीं ऐकला. ३१ जानेवारी २०२४ रोजीं प्रतिनिधिगृहानें ही सवलत गरीब घरांपर्यंत अधिक पोहोंचविणारें विधेयक ३५७ विरुद्ध ७० मतांनीं संमत केलें. १ ऑगस्ट रोजीं सिनेटांत त्याला ४८ मतें पडलीं, साठ हवीं होतीं; अडविणारे बहुतेक रिपब्लिकन होते, आणि व्हान्स गैरहजर होते. दहाच दिवसांनीं व्हान्स ह्यांनीं मुलामागें ५,००० डॉलरची कल्पना बोलून दाखविली. त्याच आठवड्यांत हॅरिसबाईंनीं नवजात बालकासाठीं ६,००० सांगितले. कोष्टककारांनीं दोन्ही बोली टिपून घेतल्या. २०२१ सालीं ही सवलत पूर्णपणें, कर न भरणाऱ्या घरांनाहि, मिळाली होती, तेव्हां तेथील जनगणनाखात्याच्या पूरक मोजणींत मुलांमधील दारिद्र्य शेंकडा ५.२ वर उतरलें होतें. मुदत संपतांच २०२२ सालीं तें १२.४ झालें. हा प्रयोग झालेला होता, त्याचा निकाल लागलेला होता. २०२५ च्या कायद्यानें सवलत २,२०० डॉलर केली, आणि सर्वांत गरीब घरांना ती आजहि पुरती मिळत नाहीं.

नोव्हेंबर २०२८ मध्यें पुन्हां निवडणूक आहे, आणि कोष्टकेंहि येतील. मजूरमंत्री कोणाला नेमणार, दीडपट वेतनाची मर्यादा कोठें ठेवणार, सोबतिणींना आंत घेणार कीं बाहेर काढणार, कोणतें विधेयक आलें तर परत धाडणार, हें उमेदवारांस विचारून छापावयास एक रकाना पुरेल. तोंवर कायदा बदलला नाहीं, तर २.१३ डॉलरला त्या सालीं ३७ वर्षें पुरीं होतील, आणि टिपांवरील करमाफीची मुदतहि त्याच वर्षाअखेर संपत आहे. तेव्हां ती ओळ दोन्ही उमेदवार आनंदानें पुन्हां भरतील.