हजार रुपयांत सोडचिठ्ठी

सरकारी नोकराचे आयुष्य बदल्यांच्या हुकुमांनी आखलेले असते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. चेन्नईला आलेला महाराष्ट्रीय अधिकारी बिऱ्हाड कोठे थाटावे, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, गणेशोत्सवाची वर्गणी किती द्यावी, याचा पुष्कळ विचार करतो. निवृत्ती जवळ आली म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण यांचे हिशेब तो पैपैशापर्यंत मांडतो. परंतु साठीनंतर आपण आजारी पडणार आहोत. ते कोठे पडणार, आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न मात्र तो 'बघू पुढे' या दोन शब्दांत गुंडाळून ठेवतो. निवृत्तीची कागदपत्रे ज्यांच्या टेबलावरून जातात त्यांना हा अनुभव नित्याचा आहे. वैद्यकीय सोयींविषयीचा विकल्प ज्या पानावर भरावयाचा, ते पान बहुधा सर्वांत शेवटी, सर्वांत घाईने आणि शेजारच्या मेजावरील मित्राला विचारून भरले जाते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचे औषधपाणी ज्यावर अवलंबून आहे, त्या निर्णयाला आपण इतका वेळ देतो!

या बाबतीत आपल्या मंडळींत एक ठरीव सल्ला फिरत असतो. तो असा : "नोकरी संपली की गावी जावे, सरकारचा वैद्यकीय भत्ता घ्यावा, एखादी खाजगी विमा-पॉलिसी काढावी आणि त्या सी. जी. एच. एस.च्या भानगडीत पडू नये." हा सल्ला वरकरणी शहाणपणाचा दिसतो. आमच्या मते तो अत्यंत घातक आहे, आणि तो देणारे बहुतेक जण स्वतः अद्याप आजारी पडलेले नसतात.

प्रथम भत्त्याचा विचार करू. सी. जी. एच. एस.च्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या निवृत्तास मिळणारा निश्चित वैद्यकीय भत्ता १९९७ च्या डिसेंबरात दरमहा १०० रुपये होता. २००८ साली तो ३००, २०१४ साली ५०० आणि १ जुलै २०१७ पासून १००० रुपये झाला. म्हणजे वर्षाकाठी १२,००० रुपये. मधुमेह आणि रक्तदाब या जोडगोळीची औषधे, चार-सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासण्या आणि डॉक्टरांची फी यांतच ही रक्कम विरून जाते. हृदयविकार, खुब्याचे हाड मोडणे, कर्करोग यांच्याशी या भत्त्याचा काडीचाही संबंध नाही. तो बाह्यरुग्ण उपचारापुरताच आहे, हे नियमातच लिहिलेले आहे. तरीही 'भत्ता घेतला म्हणजे वैद्यकीय सोय झाली' अशी समजूत सुशिक्षित अधिकाऱ्यांतही आढळते!

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. निवृत्त कर्मचाऱ्याला सी. जी. एच. एस.चे आजीव कार्ड दहा वर्षांची वर्गणी एकदम भरून मिळते. वेतनस्तर १ ते ५ साठी ती ३०,००० रुपये, सहाव्या स्तरासाठी ५४,०००, सात ते अकरासाठी ७८,००० आणि त्यावरील स्तरांसाठी १,२०,००० रुपये आहे. कार्डात पत्नीचा समावेश असतो. वैद्यकीय तपासणी करून कोणाला नाकारले जात नाही. जुन्या आजारासाठी थांबावे लागत नाही, आणि वर्षाला अमुक लाखांपर्यंतच खर्च, अशी मर्यादाही नाही. सातव्या स्तरावरून निवृत्त होणाऱ्याचे ७८,००० रुपये म्हणजे साडेसहा वर्षांच्या भत्त्याइतकीच रक्कम. १ जानेवारी २००४ नंतर सेवेत आलेल्या, नव्या निवृत्तिवेतन पद्धतीखालील आमच्या पिढीलाही दहा वर्षांची सेवा करून नियत वयोमानाने निवृत्त झाल्यास हे कार्ड मिळू शकते. शिवाय पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की भत्ता आणि कार्ड यांपैकी एकच घ्यावे असे बंधन क्षेत्राबाहेर राहणाऱ्यावर नाही. जवळच्या शहरातून कार्ड काढून रुग्णालयातील उपचार त्यावर घ्यावेत आणि बाह्यरुग्ण उपचारासाठी भत्ता घ्यावा, असा तिसरा विकल्प नियमांतच आहे. गावी जाणाऱ्याने निदान एवढे तरी केलेच पाहिजे. कार्ड पुढेही काढता येते, हे खरे. परंतु अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून अर्ज भरण्याची सोय कोणत्याही सरकारने केलेली नाही.

यावर आक्षेप येतो तो असा, की त्या दवाखान्यात रांगा असतात, औषध आज लिहून दिले तर उद्या-परवा मिळते, आणि पॅनेलवरील रुग्णालये कार्ड पाहताच खाटा भरल्याचे सांगतात. हा आक्षेप खोटा नाही. २०१४ साली ठरलेले उपचारांचे दर मधल्या किरकोळ फेरफारांखेरीज तसेच राहिले, आणि त्यांची सर्वंकष सुधारणा २०२५ च्या ऑक्टोबरात झाली. अकरा वर्षांपूर्वीच्या दराने आणि तेही महिनोन्‌महिने थकवून पैसे मिळणार असतील तर रुग्णालय टाळाटाळ करणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. हा दोष सरकारचा आहे आणि तो सरकारच्या पदरात घातलाच पाहिजे. पण यावरून 'कार्डच नको' हा निष्कर्ष कसा निघतो? शिधावाटप दुकानात रांग आहे म्हणून शिधापत्रिका कोणी फाडून टाकत नाही. शिवाय सत्तरी ओलांडलेल्या कार्डधारकाला पॅनेलवरील रुग्णालयातील तज्ज्ञाकडे दवाखान्याच्या चिठ्ठीवाचून थेट जाता येते. आणीबाणीत कोणत्याही खाजगी रुग्णालयात दाखल होऊन ठरलेल्या दराने प्रतिपूर्तीही मागता येते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले, की केवळ रुग्णालय पॅनेलवर नव्हते एवढ्याच कारणाने त्याचा हक्क नाकारता येणार नाही. हक्क अपुरा असेल तर भांडून पुरा करावयाचा असतो. तो टाकून देणे हा त्यावरील उपाय नव्हे.

उरली खाजगी पॉलिसी. या क्षेत्रात अलीकडे बऱ्याच सुधारणा झाल्या, हे मान्य केले पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घेण्याची ६५ वर्षांची वयोमर्यादा उरलेली नाही. जुन्या आजारासाठीची प्रतीक्षा चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली. पाच वर्षे अखंड हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, 'आजार लपवला' या सबबीवर दावा नाकारता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत ज्येष्ठांचे हप्ते विमा नियामकाला विचारल्यावाचून वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवण्यास मज्जाव झाला, आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर उठला. तथापि वयोमर्यादा उठली म्हणजे दार उघडले असे नव्हे. कंपनी अर्ज तपासते, नाकारू शकते, वाढीव हप्ता मागू शकते. साठाव्या वर्षी मधुमेह घेऊन जो पॉलिसी काढतो, त्याला त्या आजारापुरते संरक्षण त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत मिळेलच असे नाही. वर्षाला दहा टक्के या 'मर्यादित' वाढीनेही हप्ता सात-आठ वर्षांत दुप्पट होतो. निवृत्तिवेतन तसे दुप्पट होत नाही. म्हणून खाजगी विमा घ्यावयाचाच असेल, आणि गावी परतणाऱ्याने तो कार्डाच्या जोडीला अवश्य घ्यावा, तर तो चाळिशीत, प्रकृती धड असताना घ्यावा. म्हणजे प्रतीक्षेची वर्षे नोकरीतच संपतात. निवृत्तीच्या महिन्यात घेतलेली पॉलिसी ही पाऊस सुरू झाल्यावर शाकारलेल्या घरासारखी आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली पाच लाखांची आयुष्मान वय वंदना योजना आहे, असे कोणी म्हणेल. परंतु तिच्यासाठी सत्तरी गाठावी लागते, आणि सी. जी. एच. एस.च्या लाभार्थ्याला दोहोंपैकी एकच निवडावी लागते.

आता गावाचा प्रश्न. कोकणातल्या माडांच्या सावलीविषयी किंवा देशावरच्या वाड्याविषयी आम्हांस अनादर नाही. परंतु सी. जी. एच. एस. १ जुलै १९५४ रोजी दिल्लीत सुरू झाली. ती मुंबईला १९६३, नागपूरला १९७३, मद्रासला १९७५ आणि पुण्याला १९७८ साली पोचली. आज देशात सुमारे ८० शहरांत ती आहे, आणि महाराष्ट्राच्या बहुसंख्य तालुक्यांपासून अजूनही दूर आहे. सावंतवाडीच्या माणसाला मोठ्या दुखण्यात गोव्याच्या बांबोळीची वाट धरावी लागते, हे तिकडचे लोक जाणतात. उलट ज्या शहरात आपण आयुष्याची उमेदीची वर्षे काढली, तेथे १९५४ साली अड्यारची कर्करोग संस्था उभी राहिली, १९७८ साली शंकर नेत्रालय आणि १९८३ साली ग्रीम्स रोडवरचे अपोलो रुग्णालय सुरू झाले. देशोदेशींचे रुग्ण उपचारासाठी या शहरात येतात, आणि आम्ही मात्र आजारी पडण्याच्या वयात नेमके येथून सामान बांधतो!

'पण येथे भाषेचे काय?' असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. बाजारापुरती तमिळ तीस वर्षांत सर्वांना येते. दुखण्यापुरती येत नाही. ठणका, कळ, चमक, मुरडा, ढास हे शब्द ज्याच्या जिभेवर आहेत, त्याला 'वलिक्कुदा?' या परिचारिकेच्या एका प्रश्नाला मान हलवून उत्तर द्यावे लागते, ही अडचण खरीच. पण ती दूर करणे आपल्या हातचे आहे. दुखण्याचे पन्नास शब्द साठीतही शिकता येतात; हृदयशस्त्रक्रियेची सोय मात्र गावी कितीही ओढ असली तरी उभी राहत नाही. तरीही ज्याला गावी जावयाचे त्याने खुशाल जावे. मात्र जवळचे पॅनेलवरील रुग्णालय किती मैलांवर आहे हे आधी मोजावे. आंब्याच्या कलमांची मोजणी मागाहून केली तरी चालेल.

येथवर आमच्या मंडळींच्या गाफीलपणाविषयी लिहिले. परंतु खरा दोषी दुसराच आहे. सेवेत असलेला कर्मचारी सी. जी. एच. एस.च्या क्षेत्राबाहेर नेमला गेला तर त्याला १९४४ चे वैद्यकीय परिचर्या नियम लागू होतात, आणि रुग्णालयाचा खर्च परत मिळतो. तोच कर्मचारी त्याच गावात महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते नियम त्याच्यापुरते संपतात, कारण निवृत्तांना त्यांतून वगळले आहे. गाव तेच, माणूस तोच, त्याचे हृदयही तेच. बदलली ती एक तारीख! १९९८ साली आरोग्य मंत्रालयाने हे नियम निवृत्तांनाही लागू करण्यास हरकत नसल्याचे कळवले होते. ते अमलात आले नाही. सहाव्या आणि सातव्या वेतन आयोगांनी आरोग्यविम्याची योजना सुचवली. तीही कागदावरच राहिली. हाती उरले ते दरमहा हजार रुपये. तीस-पस्तीस वर्षे देशाच्या चारी कोपऱ्यांत फिरवलेल्या नोकराला सरकारने दिलेली ही सोडचिठ्ठी नव्हे तर काय?

बदली करताना सरकार म्हणते, तू साऱ्या भारताचा सेवक आहेस. औषध देताना विचारते, तू कोणत्या शहरात राहतोस? या दोन वाक्यांतील विसंगती आम्हांला असह्य वाटते.

आणि या तमिळ भूमीतच याहून वेगळी रीत एका मराठी राजघराण्याने पाळली होती, हे येथे राहणाऱ्या महाराष्ट्रीयांनी विसरू नये. तंजावरच्या भोसल्यांची छत्रे रामेश्वराच्या वाटेवर होती. सरफोजी राजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांचे महत्त्व सांगितले. वाटसरूला तेथे अन्न मिळे, आजारी पडला तर वैद्य, औषध व पथ्याचे जेवण मिळे, आणि बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होई. तो कोठून आला आणि कोठे जाणार, यावर ते अवलंबून नव्हते. आजारी माणूस जेथे आहे तेथे उपचार पोचला पाहिजे, हे तत्त्व सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या राजाला कळत होते. ते आजच्या प्रशासनाला कळू नये, याचे आश्चर्य वाटते.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. वैद्यकीय हक्क शहराला न जोडता माणसाला जोडा. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी निदान एक तरी रुग्णालय पॅनेलवर घ्या आणि त्याची बिले वेळेवर द्या. हे होत नाही तोवर १९४४ चे नियम क्षेत्राबाहेरील निवृत्तांना लावा. भत्ता गोठवून न ठेवता महागाईशी जोडा. आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे. कर्मचाऱ्यांच्या आणि निवृत्तांच्या संघटनांनी वेतनवाढीच्या आकड्याइतक्याच आग्रहाने हा विषय त्याच्यापुढे मांडला पाहिजे. आपल्या महाराष्ट्र मंडळांनीही वर्षाची एक संध्याकाळ नाट्यप्रयोगाऐवजी या नियमांच्या समजुतीसाठी राखावी. कोणाचे कार्ड कोठे आहे, कोणत्या विधवेला तिच्या नावावर कार्ड चालू ठेवता येते हे माहीत नाही, याची विचारपूस करण्याइतके पुण्य कोणत्याही उत्सवात नाही.

आणि जे अद्याप सेवेत आहेत त्यांनी मागणी मान्य होण्याची वाट पाहू नये. निवृत्तीस वर्ष उरले असताना विकल्पाचे ते पान सर्वांत आधी काढावे, घरच्या माणसांसमवेत वाचावे, वर्गणीची रक्कम बाजूला ठेवावी आणि मगच गावाच्या घराची कौले बदलावयास काढावीत.