आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून?

स्विच्ड रिलक्टन्स मोटरचे हिसके हा मोटरच्या घडणीचा दोष आहे. ते रोटरचे ध्रुव घासून किंवा फर्मवेअर सुधारून काढावेत. कन्व्हर्टर म्हणजे नुसती स्विचांची पेटी, ती जितकी स्वस्त तितकी बरी. परवा एका अनुभवी डिझायनरने हे ठासून सांगितलं आणि तरुण इंजिनिअरांनी वहीत उतरवून घेतलं. ते वहीत राहू नये म्हणून हे लिहितो आहे.

फर्मवेअरचा दावा आधी तपासू. ८/६ मोटर घ्या, म्हणजे स्टेटरला आठ ध्रुव, रोटरला सहा, फेज चार. एका फेरीत २४ वेळा, म्हणजे दर १५ अंशांना, टॉर्कचं ओझं एका फेजच्या खांद्यावरून दुसरीच्या खांद्यावर जातं. १५०० आरपीएमला या १५ अंशांना १.६७ मिलिसेकंद मिळतात. ६००० आरपीएमला जेमतेम ०.४२. समजा बॅटरी ४८ व्होल्टची आहे आणि ध्रुव समोरासमोर येण्याआधीचं इंडक्टन्स १ मिलिहेन्री. करंट २० अँपिअरपर्यंत चढवायलाच ०.४२ मिलिसेकंद जातात. अख्खी पाळी नुसत्या चढण्यात संपली! फर्मवेअर दोन फेजमध्ये टॉर्कची कितीही सुबक वाटणी करून देवो, तो करंट फक्त मागू शकतो. द्यायचा असतो व्होल्टेजने, आणि व्होल्टेज ठरवतो कन्व्हर्टर.

उतरणीचं दुखणं तर याहून वाईट. टेस्ट बेंचवर स्कोपसमोर मी कितीतरी संध्याकाळी हे पाहिलंय: नवी फेज अजून चढते आहे आणि जुनीच्या करंटची शेपटी लांबतच चाललीय. ध्रुव समोरासमोर येऊन पुढे सरकले तरी ती शेपूट उरली, तर तोच करंट रोटरला मागे ओढतो, कारण या मोटरमध्ये टॉर्कची दिशा करंट नव्हे, इंडक्टन्सचा चढ-उतार ठरवतो. बेंचच्या बेडवर ठेवलेल्या हाताला तो ठोका जाणवतो.

ध्रुवांना आकार दिल्याने हिसके कमी होतात हे खरं, पण बहुतेकदा सरासरी टॉर्कही थोडा जातो. जड फ्लायव्हीलने वेग सपाट दिसतो, धक्के मात्र कपलिंग आणि गिअर खातात. स्विच वाचवायला लागोपाठच्या दोन फेजना एक स्विच सामायिक दिला, तर एक चढवणं आणि दुसरी उतरवणं ही कामं एकमेकांच्या आड येतात.

कन्व्हर्टरवरचा खर्च टाळायचा हा हट्ट जुना आहे. साध्या इंडक्शन मोटरला इन्व्हर्टर लावा म्हटलं, तेव्हाही ‘स्टार-डेल्टा स्टार्टर आहे की’ असंच ऐकून घ्यावं लागलं होतं. खर्च दिसतो तो पॅनेलमधला. घासलेली बेअरिंगं वेगळ्या बिलात जातात.

मग करायचं काय? मंद वेगाला व्होल्टेज पुरून उरतं, तिथे फर्मवेअर पुरेसा आहे, हे मान्य. वेग वाढला की प्रत्येक फेजला दोन स्विच, दोन डायोडचा असिमेट्रिक ब्रिज हवा आणि त्याच्या पुढे बूस्ट कपॅसिटर. उतरणाऱ्या फेजची ऊर्जा त्यात साठते आणि तेच वाढीव व्होल्टेज पुढच्या फेजला चढवतं. ४८ चे ९६ झाले, की वरच्या हिशोबातले ०.४२ मिलिसेकंद ०.२१ वर येतात. करंटची शेपूटही तशीच आखडते. स्विच जास्त व्होल्टेजचे घ्यावे लागतात, हे मी लपवत नाही. कपॅसिटर लहान ठेवला तर व्होल्टेज उसळतं, मोठा ठेवला तर सावकाश वाढतं. तो नेमका किती मायक्रोफॅरडचा असावा, यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे.