शिल्लक किती?

रविवारी पहाटे साडेपाचला फोन वाजला की आमच्या वयाच्या माणसांच्या पोटात आधी गोळाच येतो. फोन मिशिगनहून, भाच्याचा. "आत्या, मागे कुरडयांचा चीक शिजताना तुझा गॅस गेला होता ना, तेव्हा तू काय केलं होतंस?"

तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. हा पठ्ठ्या घरामागच्या अंगणात बिअर करायला बसला होता. मोड आणून वाळवलेल्या जवाचं गोड पाणी, चांगलं १९ लिटर, तासभर खळखळ उकळायचं असतं. हॉप्सची फुलं सुरुवातीला टाकली तर कडवटपणा येतो, शेवटी टाकली तर वास. पस्तिसाव्या मिनिटाला शेगडी फुस्स झाली. मी म्हटलं, "पाणीच आहे ना ते? झाकून ठेव, दुसरा सिलिंडर आण आणि पुन्हा उकळी आली की राहिलेली पंचवीस मिनिटं मोज." जवळच्या पेट्रोल पंपावर रिकामा देऊन भरलेला मिळतो म्हणे. तासाभरात त्याचं काम मार्गी लागलं.

अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय तेच केलं तर पोलीस दारात. त्यामुळे माझा अनुभव कुरडयांपुरताच. पण दोन्ही कामं एकाच जातीची. धान्य भिजवा, दिवस मोजा आणि ऐन वेळी आच दगा देणार नाही या भरवशावर बसा. फरक एवढाच, की त्याचं आधी उकळतं आणि मग आंबतं. माझं आधी आंबतं आणि मग उकळतं. त्याचं वाचलं. माझं वाचलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांच्या पानात आमरसाबरोबर कुरडई लागतेच. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी पाच किलो गहू भिजवला होता. तीन दिवस रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी वाटला, फडक्यातून पिळून चीक काढला, रात्रभर निवळू दिला. सकाळी वरचं पिवळं, आंबूस पाणी ओतून टाकलं. खाली पांढराशुभ्र चीक बसलेला. मोठ्या गंजात मापाचं आधण ठेवलं. मीठ, हिंग घातलं. कामाला येणारी ताई ओतत होती, मी लाटण्याने ढवळत होते. नागपूरचं ऊन सातलाच गच्चीवर चढतं, तिथे जुनं पातळ अंथरून तयार होतं.

चीक शिजायला लागला की हाताला कळतं. आधी लाटणं पाण्यातून फिरल्यासारखं फिरतं, मग एकदम जड होतं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक येऊ लागते. त्या घडीला हात थांबला तर गुठळ्या, आच थांबली तर सगळंच गेलं. आणि नेमकी तेव्हाच ताई म्हणाली, "काकू, गॅस गेला वाटते."

घरात दुसरा सिलिंडर होता, पण आठवड्यापूर्वीच शेजारच्या लग्नघरी दिला होता. आपल्याकडे देतातच. नवा नोंदवून सहा दिवस झाले होते. एजन्सीतून रोज "उद्या" हे एकच उत्तर. खालच्या बिऱ्हाडातून सिलिंडर वर येईपर्यंत वीस मिनिटं गेली. पुन्हा आच लागली तेव्हा कडेचा चीक खळ झाला होता, मधला कच्चा होता. तरी सोऱ्यातून घातल्या. वाळल्यावर उचलायला गेले तर भुगा झाला. तेलात टाकलेल्या फुलल्याच नाहीत. पाच किलो गहू आणि दोन बायांचे पाच दिवस गेले. पितरांना त्या वर्षी शेजारची कुरडई वाढली.

मी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली. शिल्लक न बघता कुणी खर्चाला निघालं तर त्याला आम्ही बेजबाबदार म्हणायचो. पण प्रत्येक घराच्या ओट्याखाली एक खातं असं आहे, ज्याचं पासबुकच नाही. पैसे आगाऊ भरायचे, रोज काढायचे आणि शिल्लक शून्य झाल्यावरच कळायचं.

जुनी इंधनं अशी नव्हती. लाकडाचा ढीग डोळ्यांसमोर असायचा. आईची कोळशाची सिगडी मंद होत जायची, तोवर आणखी दोन कोळसे टाकता यायचे. स्टोव्ह तर आधी फरफरून तक्रार करायचा. आजही गडचिरोलीकडे मोहाची भट्टी लावणाऱ्याला किती लाकूड उरलंय हे विचारावं लागत नाही. मुकाट संपणारं इंधन आपल्या स्वयंपाकघरात आलं ते गॅसच्या रूपाने.

याला कारण आहे. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तपमानावर ठरतो, किती उरलाय त्यावर नाही. तळाशी पावशेर द्रव असला तरी ज्योत पूर्ण तोऱ्यात जळते. द्रव संपला की दाब कोसळतो. म्हणून बाजारात मिळणारं काट्याचं दाबमापक फारसं कामाचं नाही. भरलेला आणि जवळपास रिकामा सिलिंडर त्याला सारखाच दिसतो. मग बायका हलवून बघतात, ठोकून बघतात, ओलं फडकं फिरवून कुठवर लवकर वाळतं ते बघतात. काही ठिकाणी शेवटचा गॅस निघावा म्हणून सिलिंडर आडवा करतात. तो प्रकार जीवघेणा आहे, कारण वाफेऐवजी द्रवच नळीत येऊ शकतो.

खात्रीचा उपाय एकच, वजन. प्रत्येक सिलिंडरवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण १५० ते २०० ग्रॅम खातो. म्हणजे एक किलो उरला असेल तर पाच किलो गव्हाचा चीक निर्धास्त शिजतो. हे गणित चौथीतलं पोर करील. पण ते आकडे असतात मुठीजवळच्या पट्टीवर, पुसट रंगात, आणि सिलिंडर असतो ओट्याखालच्या अंधारात.

दिसणारा सिलिंडर अशक्यही नाही. इंडियन ऑइलने २०२१ मध्ये फायबरचा, अर्धपारदर्शक सिलिंडर आणला. हलका, न गंजणारा, आतली पातळी बाहेरून दिसणारा. तो ५ आणि १० किलोंत आहे आणि त्याची अनामत लोखंडी सिलिंडरपेक्षा जास्त आहे. म्हणजे शिल्लक बघायची सोय आहे, पण जादा पैसे मोजणाऱ्याला. ज्याला ती सर्वांत जास्त हवी, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

माझ्या गच्चीवरच्या कुरडया बिघडल्या, तर वर्षभर विकतच्या खाईन. पण उज्ज्वला योजनेतून १ मे २०१६ पासून गॅस ज्या घरांत पोचला, तिथे बहुतेक ठिकाणी एकच सिलिंडर असतो. तो भाकरीच्या मध्येच संपला तर पर्याय काय? मागच्या दारची चूल. मग गॅस असूनही बायका चूल का मोडत नाहीत, असं आपण परिसंवादांतून विचारतो. ज्या इंधनाचा शेवट दिसत नाही, त्याच्या भरवशावर शहाणी बाई चूल मोडत नाही. हा तिचा मागासपणा नाही, हिशेब आहे.

जोडण्या किती दिल्या हे आपण अभिमानाने मोजतो. आता उरलेला गॅस मोजायची सोय द्या. पातळी दिसणारा सिलिंडर साध्याच अनामतीत मिळावा. तोवर लोखंडी सिलिंडरवर रिकाम्याचं वजन ठळक देवनागरी आकड्यांत रंगवावं. त्याला खर्च तो किती? एका सिलिंडरच्या घराला ५ किलोचा छोटा जोडीला द्यावा. आणि दारात सिलिंडर काट्यावर तोलून मागायचा आपला हक्क आपणही वापरावा. "कोण उचलून ठेवणार" म्हणून आपणच तो सोडून देतो.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. बाथरूममधला वजनकाटा, ज्यावर चढायचं मी कधीचंच सोडलं होतं, तो आता ओट्याखाली असतो. दर रविवारी सिलिंडर त्यावर चढतो. यंदा चीक घ्यायच्या आदल्या रात्री आकडा आला १७.१, रिकाम्याचं वजन १५.९. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी मी लिहिलं, "शिल्लक १.२ किलो," आणि सकाळी बिनघोर आधण ठेवलं.