‘पोलिस ॲक्शन’नंतरच्या मृत्यूंचा हिशोब कुणाकडे? सुंदरलाल अहवालात उस्मानाबादबद्दल काय म्हटलंय?

दरवर्षी १७ सप्टेंबरला धाराशिवमध्ये मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजारोहण होतं. रझाकारांच्या जाचातून सुटका झाली, हे खरंच. पण त्यानंतरच्या काही आठवड्यांत याच जिल्ह्यात काय झालं, ते भाषणांत क्वचितच येतं.

नेमकं काय घडलं?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं. पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरी नदीवरचा पूल ताब्यात आला. पाच दिवसांत निजाम शरण आला. कारवाई सैन्याची, नाव मात्र ‘पोलिस ॲक्शन’!

त्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पंतप्रधान नेहरूंनी पाहणीसाठी पाठवलं. त्यांच्या अंदाजानुसार संस्थानात किमान २७ ते ४० हजार लोक मारले गेले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच १८ हजारांहून कमी नाहीत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. तिथे कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. सुमारे दहा हजार मुस्लिमांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते, हजारावर मारले गेले होते, बाकीचे पळाले होते.

सैन्यावर आरोप काय?

हल्लेखोरांत स्थानिक होते, तसेच सोलापूर आणि इतर शहरांतून आलेल्या सशस्त्र टोळ्याही होत्या. सैन्याने अनेक ठिकाणी लोकांना वाचवलं, हेही अहवाल सांगतो. पण काही गावांत जवानांनीच प्रौढ मुस्लिम पुरुषांना बाहेर काढून ठार केलं, असंही त्यात नोंदवलंय.

मग जबाबदारी कुणाची?

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच्यावर खटला चालला, त्याने तुरुंगवास भोगला. जवानांवरच्या आरोपांची मात्र जाहीर चौकशी झाली नाही. गृहमंत्री सरदार पटेलांनी तर या मंडळाच्या अधिकारावरच बोट ठेवलं. अहवाल अनेक दशकं दडून राहिला. २०१३मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो पाहायला मिळू लागला. त्यातले आकडे अंदाजाचे आहेत, हा आक्षेप योग्यच. पण मग सरकारने स्वतःची मोजणी का मांडली नाही?

हा जुना इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. डिसेंबर २०२१मध्ये नागालँडच्या ओटिंगमध्ये सैन्याच्या चुकीच्या कारवाईत घरी परतणारे सहा खाणकामगार मारले गेले. राज्य पोलिसांनी ३० जवानांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्राने खटल्याची परवानगी नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं. तारीख होती १७ सप्टेंबर २०२४. योगायोगच.

आपल्याकडे १९४८ पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. गावनिहाय नोंदी करायच्या, तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागेल. आणि अहवाल सरकारने अधिकृतपणे मराठीत छापावा, त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायची?