वळिवडे : पाहुणे कोण, आपले कोण?

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायकामुलांचाच भरणा होता. ते गेल्यावर त्याच जागेत सिंधमधून आलेली कुटुंबे वसवण्यात आली. घाऊक कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. या दोन वस्त्यांविषयी एक समज रूढ आहे. पोलिश हे पाहुणे, युद्ध संपताच मायदेशी परतले. सिंधी हे आपलेच, ते स्वदेशी आले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले, तेव्हाही गौरव झाला तो पाहुणचाराचाच. समज सुखावणारा आहे. पण त्याची दोन्ही अंगे लंगडी आहेत.

कोल्हापूरकरांच्या माणुसकीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र छावणी वसली ती साम्राज्याच्या युद्धकालीन व्यवस्थेतून. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर अज्ञान बालराजे होते, आणि परदेशी निर्वासितांना कोठे ठेवायचे हा निर्णय एखाद्या संस्थानाच्या हातातला नव्हताच.

‘मायदेशी परतले’ हे तर बहुतेकांच्या बाबतीत सरळ चूक आहे. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या आणि १९४०-४१ मध्ये तेथील लाखो लोकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका झालेल्यांपैकी काही जण इराणमार्गे भारतात पोचले. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत त्यांचा तोच पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला. जुलैमध्ये ब्रिटन व अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. गाव दुसऱ्या देशात गेले, ज्या सरकारवर निष्ठा होती ते कागदावरच उरले. काही जण नव्या पोलंडला गेले. बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. भाषा, धर्म, राष्ट्रभावना, यांतले त्यांच्याकडे काय कमी होते?

आता सिंधी. पंजाब आणि बंगालची फाळणी झाली. सिंध अखंड पाकिस्तानात गेला. म्हणून सिंधी हिंदूंच्या वाट्याला भारतात अर्धा प्रांतही आला नाही. गंमत अशी की १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर ज्यांनी घाईने मुंबईची बोट धरली, ते बारा वर्षांपूर्वी स्वतःच्याच इलाख्याचे रहिवासी होते. आता ते निर्वासित ठरले.

यावर आक्षेप येतो : राज्यघटनेने त्यांना नागरिकत्व दिलेच ना? दिले, आणि ते योग्यच होते. पण अनुच्छेद ६ ने ते कसे दिले तेही पाहावे. पालक वा आजोबा-आजी अविभाजित भारतात जन्मलेले असले तरी पुरेसे होते; मात्र १९ जुलै १९४८ पूर्वी आलेला आपोआप नागरिक झाला, नंतर आलेल्याला नोंदणी करावी लागली. अनुच्छेद ७ आणखी बोलका आहे. मुंबईत जन्मलेला, पण १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेला माणूस परवान्याशिवाय परत आला तर नागरिक मानला जात नव्हता. रक्त आणि जन्मभूमी यांनीच आपलेपणा ठरत असता, तर या तारखा आणि हे परवाने कशासाठी?

म्हणून मांडायचे ते असे. युद्धोत्तर आणि वसाहतोत्तर जगात माणसाला निर्वासित केले ते सीमा आखणाऱ्यांनी व सरकारांना मान्यता देणाऱ्यांनी. त्याला पुन्हा ‘आपला’ केले ते कायद्याने. पोलिशांकडे राष्ट्र होते, राज्य हरपले. सिंध्यांना राज्य मिळाले, प्रांत मिळाला नाही. त्यांच्या भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळायला १९६७ उजाडले. हा उशीर ‘आपलेच’ म्हणणाऱ्यांनी विसरू नये.

आंतरराष्ट्रीय कायद्यानेही या दोघांत भेद केला. १९५१ च्या निर्वासित कराराने संरक्षण दिले ते स्वतःच्या देशाबाहेर असलेल्या आणि त्या देशाचे छत्र गमावलेल्यांना. नवे नागरिकत्व मिळालेले फाळणीचे निर्वासित, त्यांची संख्या कितीही मोठी असो, त्याच्या कक्षेबाहेर राहिले. भारताने त्या करारावर अद्याप सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही देशात नाही.