वाचलेला कागद दुसऱ्याने वाचायला हवा



या वेळचा विषय थोडा कोरडा वाटेल. संशोधनाचा लेख छापण्याआधी संपादक तो त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकाराकडे पाठवतात. त्याला ‘पीअर रिव्ह्यू’ म्हणतात. आपण तज्ज्ञ-परीक्षण म्हणू. घरगुती मासिकात हे कशाला, असं कुणी विचारेल. पण आपल्या ओळखीच्या किती घरांत एखादी सून, भाचा किंवा नात पीएच.डी. करते आहे, ते मोजून पाहा. त्यांच्या नोकरीचा आणि बढतीचा धागा या परीक्षणाशी बांधलेला असतो.

आपल्या तारनाक्यालाच राज्याचं पुराभिलेखागार आहे. शहाजहान-औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे मोगली कागद तिथे आहेत आणि निजामी दफ्तरंही आहेत. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे मराठवाड्याच्या इतिहासावर काम करणाऱ्याला कधी ना कधी तारनाक्याची वाट धरावी लागते.

आता समजा, एका मुलीने इथे महिनाभर बसून बीडकडच्या एका वतनावर लेख लिहिला. तिचा सगळा आधार दोन फारसी कागदांवर. लिपी शिकस्ता, म्हणजे घाईची मोडकी लिपी. नुक्ते बऱ्याचदा गाळलेले. रकमा सियाकात, म्हणजे आकड्यांऐवजी अरबी संख्यानामांच्या आखूड खुणांत. एक खूण चुकली की वतनाचं उत्पन्न कुठल्या कुठे जातं. लेख परीक्षकाकडे जातो. तो इतिहासाचा चांगला प्राध्यापक असतो, पण फारसी येत नाही. तो मांडणी तपासतो, संदर्भांची यादी बघतो, अमक्या पुस्तकाचा उल्लेख नाही म्हणून टोकतो आणि लेख पास करतो. ज्या कागदावर सगळा डोलारा उभा आहे, तो दुसऱ्या कुणी पाहिलेलाच नसतो. पुढे तीच रक्कम दहा लेखांत फिरते.

चुकीच्या जाणकाराला विचारणं किंवा कुणालाच न विचारणं काय करतं, याचा जगप्रसिद्ध दाखला १९९६चा आहे. ॲलन सोकाल या भौतिकशास्त्रज्ञाने मुद्दाम अर्थहीन लेख रचून ‘सोशल टेक्स्ट’ या अमेरिकी नियतकालिकाला दिला आणि तो छापून आला. एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाला आधी दाखवला असता, तर पहिल्या पानावरच बिंग फुटलं असतं.

आपल्याकडे तर परीक्षणाच्या नावाने बाजारच भरला. २०१७ साली यूजीसीने नियतकालिकांची मान्य यादी लावली आणि मे २०१८मध्ये त्यातली ४,३०५ नावं काढून टाकली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या पाहणीत, विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्के हलक्या दर्जाची असावीत असं दिसलं. आपल्या हैदराबादेतल्या ओमिक्स या प्रकाशन कंपनीला तर खोट्या परीक्षणाच्या दाव्यांसह इतर कारणांवरून २०१९मध्ये अमेरिकी न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली. पुढे ‘केअर’ यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. आता चांगलं-वाईट विद्यापीठांनी आणि संशोधकांनीच ओळखायचं. ‘पैसे भरा, दोन दिवसांत छापतो’ असा संदेश मुलांच्या फोनवर आला, तर इतकंच विचारायला शिकवा: माझा लेख कोण वाचणार, आणि त्याचं मत मला लेखी मिळणार का?

नीट तपासण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमाने सुरू झालं. त्याच्या पुस्तकांसाठी जो भाषांतर विभाग होता, तिथे परिभाषा ठरवायला विषयाचे जाणकार आणि भाषेचे जाणकार एकत्र बसत. तयार भाषांतर वाङ्मयीन दृष्टीने तपासायला वेगळा माणूस असे. जोश मलीहाबादींसारख्या कवीने ते काम केलं. पुण्यात १९१०मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात कागद सभेत मांडले जात आणि त्यावर उघड चर्चा होई. टिळकांनी १९१६मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. शिवजन्म १६२७चा की १६३०चा, हा वाद पुढे अनेक दशकं रंगला. पण मूळ नोंद छापलेली असल्यामुळे प्रत्येकाला ती स्वतः वाचून भांडता आलं. परीक्षणाचं मर्म मला तिथेच दिसतं.

मग सुधारणा काय करता येईल? पहिली गोष्ट, लेखासोबत मूळ कागदाचं छायाचित्र, लिप्यंतर आणि भाषांतर मागावं. पुराभिलेखागाराची परवानगी लागेल. ती मिळत नसेल तर निदान दफ्तराचा नेमका क्रमांक आणि पूर्ण लिप्यंतर तरी हवं. दुसरी, परीक्षण दोन हातांत वाटावं: एकाने फक्त वाचन तपासावं, दुसऱ्याने युक्तिवाद. दोन्ही येणारा माणूस शोधत बसलं तर लेख वर्षभर पडून राहतो. तिसरी, नकार कारणासह आणि ठरलेल्या मुदतीत द्यावा. ‘दर्जा नाही’ या दोन शब्दांवर कुणाचं वर्ष घालवू नये.

चौथी गोष्ट नाजूक आहे. लेखक-परीक्षकांनी एकमेकांची नावं न कळू देण्याची पद्धत मोठ्या विषयांत बरी चालते. पण निजामकालीन मराठवाड्यावर लिहिणारे बोटांवर मोजण्याइतके. दोन परिच्छेद वाचले की लेख कुणाचा ते कळतं. तिथे परीक्षकाने राजीखुशीने सही करून मत द्यावं, तेच प्रामाणिक. मात्र तरुण परीक्षकाने ज्येष्ठाच्या लेखातली चूक दाखवली, तर त्याचं नाव झाकण्याची मुभा हवी. उद्या त्याच ज्येष्ठासमोर मुलाखतीला बसायची वेळ येऊ शकते.

आणि परीक्षकाला श्रेय मिळावं. चार दिवस डोळे फोडून कागद वाचणाऱ्याचं नाव वर्षाच्या शेवटच्या अंकात छापायला किती जागा लागते?

यात आपलाही वाटा आहे. सेतुमाधवराव पगडींनी हैदराबादच्या सरकारी नोकरीतून फारसी साधनं मराठीत आणली. तसे दोन्ही बाजूंचे जाणकार आता विरळ झालेत. आपल्या मंडळींत मोडी वाचणारे, उर्दूत शिकलेले, थोडीफार फारसी जाणणारे निवृत्त लोक अजून आहेत. त्यांनी आपली नावं मराठी विभागांना आणि संशोधन-त्रैमासिकांना कळवावीत. शिकस्ता एकदम येणार नाही, पण मोडी आणि जुनं उर्दू दफ्तर तपासायलाही माणसं हवीच आहेत. जमेल तर एखाद्या तरुणाला शेजारी बसवून शिकवावं. ही विद्या आपल्याबरोबर गेली, तर तारनाक्याच्या कपाटांतले कागद राहतील, पण ते बरोबर वाचलेत का, हे सांगणारं कुणी उरणार नाही.